काचेमागची मोरी

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमधला शार्क वारला.

हसू नका, रीतसर वारला. दुसऱ्या मजल्यावरच्या चौघांनी वर्गणी काढून दोन फुटी काचेची टाकी आणली होती. त्यात बुडबुडे सोडणारा पंप, निळी वाळू, प्लॅस्टिकचा एक वाडा आणि दोन 'शार्क'. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, "सर, ओरिजिनल शार्क आहे, पण चावत नाही." पीएलमध्ये एका रात्री त्यातला एक उडी मारून बाहेर पडला आणि सकाळी टेबलाखाली, कुणाच्या तरी ड्रॉइंग शीटवर सापडला. संध्याकाळी नोटीस बोर्डावर श्रद्धांजली लागली. मेसच्या काकांनी घाबरून विचारलं, "कोण गेलं रे?"

मी मालवणकडचा. मासा दिसला की मान आपोआप खाली वळते. मी पाहणी केली आणि भर शोकसभेत जाहीर केलं की मयत इसम शार्क नव्हताच! शार्कच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच-पाच उघड्या फटी असतात (काही जातींत सहा किंवा सात). याला एकच झाकण होतं. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्यासारखा. याला चक्क काटे होते. शिवाय मिशा! हा होता पंगास, शिंगाळ्याच्या गोतावळ्यातला मासा. तळ्यात वाढवलेल्या याच माशाचे काटे काढलेले तुकडे 'बासा' म्हणून हॉटेलात येतात. म्हणजे ज्याच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली, त्याचाच भाऊ महिन्यातून एकदा रविवारी आपण रश्श्यात बुडवून खातो. आणि पूर्ण वाढला की हा चार फुटांपर्यंत जातो. दोन फुटी टाकीत चार फुटी मासा! त्या चौघांत एक सिव्हिलचा आहे. त्याने तरी हिशेब करायचा होता.

ही गोष्ट पीजे म्हणूनच राहिली असती. पण त्यानंतर महिन्याभरात आपल्या टेक्निकल फेस्टच्या समितीत एक प्रस्ताव आला, आणि मला हा लेख लिहायला बसावं लागलं.

प्रस्ताव असा की यंदा फेस्टमध्ये 'अंडरवॉटर टनेल' आणायचा. हल्ली जत्रेच्या मैदानांवर असतो ना, तसला. काचेचा बोगदा, डोक्यावरून मासे फिरतायत आणि खाली आपण सेल्फी काढतोय. "त्यात खरे शार्क आणि स्टिंग रे असतात, तिकीट लावू, स्पॉन्सर मिळतील," असा एकूण सूर. मी इलेक्ट्रिकलचा, म्हणून पंप आणि चिलरला किती किलोवॅट लागतील ते पाहून यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रूममेटला घेऊन मी एका दुसऱ्या शहरात लागलेला टनेल पाहायला गेलो. रूममेट बीडचा. त्याने तोवर समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला होता.

आत शिरल्यावर तो एकदम गप्प झाला. त्याच्या डोक्यावरून एक पाकट गेली. (पाकट म्हणजे स्टिंग रे, आमच्याकडे कुणी स्टिंग रे म्हणत नाही.) तो लहान मुलासारखा मान वर करून बघत राहिला. बाजूची पोरं ओरडत होती, "बघ, हसतोय तो!" पाकटीचं पोट काचेला टेकलं की खरंच हसरा चेहरा दिसतो. पण ते डोळे नव्हेत, नाकपुड्या. डोळे वरच्या बाजूला असतात. आणि ती हसत नव्हती. काचेवर पोट घासत वर चढायचा प्रयत्न करत होती, पुन्हा पुन्हा, त्याच कोपऱ्यात.

दोन-अडीच फुटी एक मोरीही होती, परांची टोकं काळी असलेली. (मोरी म्हणजे शार्क, लहान असेल तर मुशी.) तिच्या नाकाडाचा शेंडा घासून पांढराफटक पडला होता. मी दहा मिनिटं घड्याळ लावून पाहिलं, ती एकाच दिशेने फिरत होती आणि दर फेरीत एका जोडापाशी अंग काढून घेत होती. बाहेर आल्यावर मालकाला विचारलं, "ही किती दिवस टिकते?" तो म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका. मेली तर चोवीस तासांत दुसरी. रेटमध्ये धरलेलं असतं." आणि खरोखरच त्याच्या कोटेशनमध्ये सातव्या ओळीत छापलेलं होतं : 'प्राणी बदली - समाविष्ट'.

आपण ट्यूबलाइट घेतो तेव्हा असं लिहून घेतो.

मित्रांनो, माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा टनेल आपल्या कॉलेजात येऊ नये. पण 'मुक्या प्राण्यांवर दया करा' एवढंच म्हणून मी थांबणार नाही. आपण इंजिनिअर होणार आहोत, तर टाकीत मोरीचं काय बिघडतं ते इंजिनिअरसारखंच पाहू.

पहिला मुद्दा माझ्या ब्रँचचा. मोरीच्या आणि पाकटीच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, आत जेलीने भरलेल्या नळ्या. स्टेफानो लोरेन्झिनी या इटालियन माणसाने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचं नाव आहे. पण त्या कशासाठी आहेत हे कळायला विसावं शतक उजाडलं. त्या व्होल्टमीटर आहेत! कोणताही जिवंत मासा पाण्यात सूक्ष्म विद्युत क्षेत्र निर्माण करतो आणि मोरी ते ओळखते. वाळूखाली दडलेला मासा न दिसता, वास न येताही तिला सापडतो, हे काल्मिन या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी दाखवून दिलं. संवेदनक्षमता किती? सेंटीमीटरला सुमारे पाच नॅनोव्होल्ट. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, एक वायर काश्मीरच्या टोकाला पाण्यात बुडवा, दुसरी कन्याकुमारीला. मधल्या एका सेंटीमीटरात जेवढा फरक पडेल, तेवढा तिला जाणवतो. आपल्या लॅबमधला सीआरओ नॉइजशिवाय एवढं दाखवेल का, हे लॅब असिस्टंट मामांना विचारून बघा.

आता हे यंत्र घेऊन ती टाकीत शिरते. टाकीत काय आहे? पंप, लोखंडी बोल्ट, हीटर, दिवे, गळके करंट. १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात एक पांढरी शार्क आणली होती, सँडी नावाची. ती टाकीत एका ठरावीक जागी सारखी धडकायला लागली. तपासलं तेव्हा तिथल्या काचेच्या जोडापाशी सुमारे ०.१२५ मिलिव्होल्टचा फरक निघाला. माणसाला तो कधीच कळला नसता. चार-पाच दिवसांतच तिला समुद्रात सोडून दिलं. आपल्या विंगमध्ये गिझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात आणि आपण स्लीपर घालून आंघोळ करतो. मोरीला स्लीपर नाही. त्या मैदानावरच्या टनेलमध्ये मी अर्थिंग कुठे आहे ते शोधत होतो. मालकाने बोट दाखवलं ते एका विटेला गुंडाळलेल्या वायरकडे.

दुसरा मुद्दा मेकॅनिकलवाल्यांसाठी. बऱ्याच मोऱ्या, विशेषतः खुल्या समुद्रातल्या, थांबून श्वास घेत नाहीत. पुढे पोहायचं, तोंडातून पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांवरून बाहेर सोडायचं. गाडी थांबली की रेडिएटरला वारा नाही, तसं. त्यांना वळायला मोठा घेर लागतो आणि शेपूट न हलवता तरंगत जायला सरळ अंतर लागतं. आणि समुद्रात त्या जातात तरी किती! दक्षिण आफ्रिकेत टॅग लावलेली निकोल नावाची पांढरी शार्क ९९ दिवसांत ११,००० किलोमीटर कापून ऑस्ट्रेलियाला पोचली, आणि नऊ महिन्यांच्या आत परतही आली. दिवसाला ११० किलोमीटरच्या वर पडतात. जपानमधल्या ओकिनावा चुराउमी मत्स्यालयाची मोठी टाकी ३५ मीटर लांब आहे. निकोलचा रोजचा प्रवास त्या टाकीत करायचा तर तीन हजारांहून जास्त फेऱ्या होतील. आणि ती जगातल्या मोठ्या टाक्यांपैकी एक! तिची दर्शनी ॲक्रिलिकची भिंत २२.५ मीटर लांब, ८.२ मीटर उंच, ६० सेंटीमीटर जाड आहे. इंजिनिअरिंग म्हणून तिला माझा सलाम. पण तिच्यात जवळपास नऊ मीटरचा व्हेल शार्क ठेवला की त्याच्या वाट्याला स्वतःच्या लांबीच्या चौपट जागा येते. आपल्या हॉस्टेलच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडली तर तुम्हा-आम्हाला तेवढी मिळेल. चार वर्षं नव्हे, कायमची. समुद्रातला व्हेल शार्क १,९०० मीटरपेक्षा खोल बुडी मारल्याची नोंद आहे. टाकीची खोली आहे दहा मीटर.

तिसरा मुद्दा केमिकलचा. मोरीच्या आणि पाकटीच्या रक्तात युरिया मुद्दाम साठवलेला असतो, समुद्राच्या खारटपणाशी तोल राखायला. म्हणूनच शिळी मोरी शिजवायला घेतली की अमोनियाचा भपका येतो आणि आमच्याकडे तिला मसाला दुप्पट लागतो! असल्या शरीराला टाकीचं पाणी सहज मानवत नाही. इतर माशांच्या रोगावर देतात ते तांब्याचं औषध यांना बाधतं. टाकीत नायट्रेट साठलं की आयोडीन अंगी लागत नाही. पाणी स्वच्छ करायला ओझोन सोडला तर आयोडीनचं रूपच बदलतं. आणि मग मोरीला गलगंड होतो. हो, माणसाला होतो तोच. बरं, पाण्यातला ऑक्सिजन? जुलै २०१५ मध्ये शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात पाकटींना हात लावून पाहायच्या हौदातला ऑक्सिजन एकाएकी खाली आला आणि ५४ पाकटी मेल्या. तिथे पैसा होता, डॉक्टर होते, अलार्म होते. आपल्याकडे गॅदरिंगच्या दिवशी माइक सुद्धा जनरेटरवर दोनदा बंद पडला होता.

तुम्ही म्हणाल, ह्या सगळ्या जत्रेतल्या गोष्टी. चांगल्या संस्थांनी केलं तर? केलंय की. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे बे मत्स्यालयाने २००४ मध्ये एक पांढरी शार्क १९८ दिवस जगवली, जो तोवरचा विक्रम होता. मग तिने टाकीतल्या दुसऱ्या दोन मोऱ्या मारल्या आणि तिला समुद्रात सोडलं. २००४ ते २०११ मध्ये त्यांनी अशा सहा ठेवल्या. शेवटची सोडल्यावर लगेच मेली, आणि तो कार्यक्रम त्यांनी बंद केला. चुराउमीने २०१६ च्या जानेवारीत एक पांढरी शार्क आणली, ती तीन दिवसांत गेली. अटलांटाच्या जॉर्जिया ॲक्वेरियमने तैवानहून विमानाने सहा व्हेल शार्क आणले. त्यातले दोन २००७ मध्येच मेले, पुढे २०२० आणि २०२१ मध्ये एकेक. उलट चुराउमीतल्या एका व्हेल शार्कने पंचवीस वर्षांहून जास्त काढली. म्हणजे जमतं, कधीकधी. पण जगातला सगळा पैसा आणि अक्कल ओतून 'कधीकधी'. ती पांढरी शार्क ठेवायची नाही, हे शेवटी त्या जाणकारांनीच ठरवलं. आणि आपण चार दिवसांच्या फेस्टसाठी विटेला वायर गुंडाळणाऱ्याकडून मोरी भाड्याने आणणार?

इथपर्यंत मी होस्टेलला परत येताना एसटीत बोललो. रूममेट ऐकत होता. मग त्याने जे विचारलं त्याला माझ्याकडे झटकन उत्तर नव्हतं.

तो म्हणाला, "तुझं ठीक आहे रे. तू किनाऱ्यावरचा. तुला सकाळी उठून फुकटात दिसतं. आम्ही काय करायचं? मी आज पहिल्यांदा पाकट बघितली. आता कुणी पाकट मारली म्हटलं तर मला काहीतरी वाटेल. काल वाटलं नसतं."

खरं आहे. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं. घाटावरच्या किती पिढ्यांनी समुद्राच्या आतलं जग पहिल्यांदा तिथेच पाहिलं असेल! मला सुद्धा प्राथमिक शाळेच्या सहलीत तिथे नेलं होतं. आमच्याच बंदरात टोपलीत मेलेले मासे रोज बघणारा मी, तिथे ते जिवंत वळताना पाहून चकित झालो होतो. त्यामुळे 'सगळी मत्स्यालयं बंद करा' असं मी म्हणणार नाही. म्हणालो तर ढोंगी ठरेन.

फरक कुठे करायचा? एक, प्राणी कुठला. तळाशी पडून राहणाऱ्या, स्वतः पाणी ओढून श्वास घेणाऱ्या काही छोट्या मोऱ्या आणि काही पाकटी नीट बांधलेल्या टाकीत बऱ्या राहतात, वितातसुद्धा. खुल्या समुद्रातले प्रवासी राहत नाहीत. दोन, कशासाठी. इंडोनेशियातल्या राजा अंपात बेटांजवळ झेब्रा शार्क जवळजवळ संपले होते. ऑस्ट्रेलियातल्या मत्स्यालयात घातलेली अंडी तिथे नेऊन उबवली, पिल्लं वाढवली आणि जानेवारी २०२३ मध्ये पहिली दोन पिल्लं समुद्रात सोडली. टाकीतून समुद्राकडे, अशीही वाट आहे! आणि तीन, मेल्यावर काय. ज्याच्याकडे मेल्यावर पोस्टमॉर्टेम होतं ते मत्स्यालय. ज्याच्याकडे मेल्यावर बदली येते ते दुकान. माझ्या मते एवढी एक कसोटी पुरे.

आता एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर आमच्या गावची पोरं मला हसतील. मोरी आम्ही खातो. आई मोरीचं सुकं असं करते की ते आठवून मेसमध्ये घास उतरत नाही. आणि मोऱ्या संपतायत त्या काचेमुळे नव्हे, जाळ्यामुळे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांचे आकडे बघा : १९७० नंतर खुल्या समुद्रातल्या मोऱ्या-पाकटींची संख्या ७१ टक्क्यांनी घटली, आणि या कुळातल्या जवळजवळ १,२०० जातींपैकी एक तृतीयांशाहून जास्त धोक्यात आहेत. कारण, अतिमासेमारी. मोरी बांगड्यासारखी लाखांनी अंडी घालत नाही. उशिरा वयात येते, थोडीच पिल्लं देते. मोठी मांटा पाकट तर एका वेळी बहुधा एकच. आपण मात्र तिला बांगड्याच्या हिशेबाने पकडतो. उलट शार्कच्या हल्ल्यात जगभरात वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं दगावतात. १९७५ च्या 'जॉज' सिनेमाने सगळ्यांना घाबरवलं. ती कादंबरी लिहिणाऱ्या पीटर बेंचलीने पुढचं आयुष्य शार्क वाचवा म्हणून सांगण्यात घालवलं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आमच्या गावातल्या एका जुन्या घराच्या भिंतीवर करवत माशाची करवत टांगलेली आहे, हातभर लांब, दोन्ही बाजूंना दात. हा मासा म्हणजे खरं तर पाकटीच्याच कुळातला. आजोबा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी तो जाळ्यात यायचा. बाबांनी एकदाच पाहिला. मी करवत पाहिली, मासा नाही. तीन पिढ्यांत हे झालं, आणि आमच्याच घरात झालं. ते कुठल्याही टनेलवाल्याने केलेलं नाही.

पण दुसरीही एक गोष्ट आमच्या घरातलीच. मी अकरावीत होतो. बाबा रापणीत भागीदार आहेत. एका सकाळी जाळं ओढताना ते जडच जड. आत पंधरा-सोळा फुटी व्हेल शार्क, पाठीवर पांढरे ठिपके. हा मासा २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. त्याआधी गुजरातेत वेरावळच्या बाजूला त्याची सर्रास शिकार व्हायची. माइक पांडे यांनी त्यावर फिल्म केली, कायदा झाला, मग २००४ पासून मोरारीबापूंनी मच्छीमारांना सांगितलं की ही माहेरी आलेली लेक आहे, तिला मारू नका. 'व्हाली', म्हणजे लाडकी, असं नाव पडलं. ज्यांनी शिकार केली त्याच हातांनी पुढे शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडले. आपल्या महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून अशा प्राण्यासाठी जाळं कापलं तर वन विभागाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो मात्र लागतो.

तो फोटो मी काढला. हात थरथरत होते म्हणून हललेला आला, पण चालला. बाबांनी आणि काकांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सुरीने जाळं फाडलं. तो मासा जरा वेळ तसाच पडून राहिला. मग शेपटीचा एकच फटका, आणि गेला. भरपाई मिळाली. पण जाळं दुरुस्त होईपर्यंत आठ दिवस रापण बंद राहिली, आणि ते ऐन हंगामाचे दिवस होते. घरी कुणीतरी त्यावरून कुरकुर केली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "जाळां काय, परत इणूक येता. तो मेलो असतो तर परत आणूक गावलो नसतो."

'प्राणी बदली - समाविष्ट' वाचलं तेव्हा मला हे वाक्य आठवलं. म्हणून राग आला. दुसरं काही कारण नाही.

आता नुसता विरोध करून बसायचं तर समितीतले मित्र म्हणतील, "मग तूच सांग, फेस्टमध्ये काय ठेवायचं?" सांगतो.

ब्रिटनमधल्या एका कंपनीने 'शार्कगार्ड' नावाचं छोटं उपकरण केलंय. बॅटरीवर चालतं, गळाजवळ लावायचं, ते थोड्या थोड्या वेळाने विजेचे पल्स सोडतं. मोरीच्या त्या व्होल्टमीटरला ते सहन होत नाही, ती गळापासून लांब राहते. फ्रान्सच्या ट्यूना पकडणाऱ्या बोटींवर चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला : गळाला लागणाऱ्या निळ्या शार्कचं प्रमाण ९१ टक्क्यांनी घटलं, पाकटींचं ७१ टक्क्यांनी. ज्या इंद्रियामुळे ती टाकीत वेडी होते, तेच इंद्रिय तिला समुद्रात वाचवतं! हे गळासाठी आहे, आमच्या रापणीला जसंच्या तसं चालणार नाही. स्वस्त कसं करायचं, खाऱ्या पाण्यात बॅटरी किती टिकेल, केसिंग कशाचं, जाळ्यासाठी काय वेगळं लागेल... हे सगळे आपल्या चार ब्रँचेसचे प्रश्न आहेत. आणि आपण दरवर्षी फायनल इयरला लाइन फॉलोअर रोबोटच करतो!

माझी सूचना साधी आहे. टनेलचं जे भाडं ठरलंय, त्याच्या निम्म्या पैशात 'जाळ्यात नको ते सापडू नये म्हणून' अशी प्रोजेक्ट स्पर्धा ठेवू. उरलेल्या पैशात एक बस करू, पहाटे मच्छी बंदरावर जायला. टोपल्यांत वीतभर मोऱ्या, पाकटी, सगळं दिसेल. जिवंत नाही दिसणार, हे मान्य. पण खरं दिसेल. तिथल्या माणसांशी बोलता येईल. माझ्या रूममेटने आत्ताच खिडकीजवळची सीट मागून ठेवली आहे. सर-मॅडमपैकी कुणी येणार असेल तर उत्तमच, रेक्टरसरांची परवानगी लवकर मिळेल.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. माझं एक मत विरोधात पडणार. बाकीच्यांनी आपापलं ठरवावं, पण कोटेशन सातव्या ओळीपर्यंत वाचून ठरवावं.

ता. क. - दुसऱ्या मजल्यावरचा उरलेला 'शार्क' आता फूटभर झालाय आणि त्याला टाकीत वळता येत नाही. "नदीत सोडून देऊ," असं चौघांपैकी एक म्हणत होता. तसं करू नका, तो आपल्या नद्यांमधला मासा नाही, तिथल्या माशांना त्रास होईल. रूममेटच्या मामांचं शेततळं आहे, त्यात ते पंगासच पाळतात. रविवारी तिकडे टेम्पो जाणार आहे. ज्यांच्याकडे मोठी बादली आहे त्यांनी ती शनिवारी रात्रीपर्यंत द्यावी. पुढे कधीतरी त्याचा बासा होईल, हे मलाही माहीत आहे. पण तोवर त्याला वळता तरी येईल.